खंडेनवमीनंतर गेलेली चित्रं

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या माणसाला लोकांबद्दल चांगलं मत फार काळ ठेवता येत नाही. मी पंचवीसेक वर्षं बारामतीत हे काम करतोय. आधी क्लासमध्ये शिकवायचो, म्हणून सगळे अजून ‘सर’ म्हणतात. आता जळोचीला घराखालीच दुकान आहे. एवढ्या वर्षांत मी सीपीयूच्या डब्यावर पाण्याचा तांब्या ठेवणारे पाहिले. कीबोर्ड उपडा केल्यावर त्यातून पडलेला चिवडा पाहून ‘हा कुणी खाल्ला’ असं मलाच विचारणारे पाहिले. आणि या सगळ्यांचं एकच वाक्य ठरलेलं: ‘मी काहीच केलं नाही, आपोआप झालं.’ आपोआप फक्त गवत उगवतं, असं मी त्यांना तोंडावर सांगतो. मग ते रुसतात, नव्या दुकानात जातात. तिथला चकाचक टी-शर्टातला माणूस डबा न उघडताच ‘नवीन घ्या’ म्हणतो, आणि ते खाली मान घालून माझ्याकडं परत येतात. मला त्या वेळी फार बरं वाटतं, हेही सांगून टाकतो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अंथुर्ण्याच्या बाजूच्या एका गावातून फोन आला. तिथं एका साखर कारखान्याचं गट ऑफिस आहे. म्हणजे दोन खोल्या, एक कपाट, एक बाक, आणि त्या भागातल्या ऊस लागणीच्या नोंदी घेणारी एक क्लार्क. ती कऱ्हाटीची लेक, या गावात दिलेली, तिशीतली. कामाला चोख होती, पण मशीनला भ्यायची, आणि भिणाऱ्या माणसाची मला चीड येते.

“सर, ती दोन चित्रं गेली,” ती म्हणाली.

“कुठली चित्रं?”

“नेटवर्कची. ज्याच्यावर दोनदा दाबलं की नेट जोडतं, ती. खिडकी उघडती, पण आत काय न्हाय. कोरी हाय.”

“काय केलंत?”

“काय न्हाय केलं, सर. खंडेनवमीला पूजा केली, तेवढंच.”

मी फोन कानापासून लांब धरून कपाळावर हात मारला. तो डबा मला चांगला माहीत होता. विंडोजची कंपनीसुद्धा विसरून गेली असेल इतकी जुनी विंडोज त्यावर होती, कारण नोंदीचा प्रोग्राम दुसऱ्या कशावर चालतच नव्हता. सुरू व्हायला त्याला पंधरा मिनिटं लागायची, म्हणून ऑफिसात तो कधी बंदच करत नसत. संध्याकाळी फक्त स्क्रीन मालवायची, डबा इन्व्हर्टरवर घुमत राहायचा. वर्षात एकदाच, खंडेनवमीला, तो रीतसर बंद करायचा, पुसायचा, आणि नांगर, कोयते, ट्रॅक्टर यांच्या बरोबरीनं त्याला हळद-कुंकू लावून दसरा होईपर्यंत विसावा द्यायचा. बैलालासुद्धा एवढा मान मिळत नाही हल्ली.

साडेअकराला मी पोचलो. मशीनचा थाट बघण्यासारखा होता. स्क्रीनच्या कपाळावर कुंकवाची पाच बोटं, डब्याला झेंडूची माळ, कीबोर्डवर आपट्याची पानं. माऊसलासुद्धा एक टिळा. मी माळ ओढून काढली आणि बाकावर टाकली.

“हे सगळं आत जातं,” मी म्हणालो. “हळद आत जाते, कुंकू आत जातं, पाणी शिंपडलं असेल तर तेही जातं. मग म्हणायचं चित्रं गेली.”

क्लार्कनं ओल्या फडक्यानं स्क्रीन पुसायला घेतली, तर मी फडकंही हिसकावलं.

बाकावर एक बाई बसली होती. चाळिशीच्या पुढची, रापलेली, मांडीवर प्लास्टिकची फाइल दोन्ही हातांनी धरलेली. मी माळ तिच्या शेजारी टाकली, तेव्हा तिनं ती उचलून नीट घडी घालून कपाटावर ठेवली. तिचं काम काय ते मला क्लार्कनं सांगितलं. नवरा वारल्यावर वाटणी झाली, तिच्या वाट्याला आतला तुकडा आला, आणि तिनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावानं ऊस लावला. सातबाऱ्यावर नाव चढायला वेळ लागला, मग सणाच्या सुट्ट्या आल्या, आणि आज आडसाली, म्हणजे दीडेक वर्षानं तुटणाऱ्या, लागणीच्या नोंदीचा शेवटचा दिवस होता. संध्याकाळी पाचला यादी बंद. त्यानंतर नोंद झालेल्या उसाची तोड ‘उशिरा’ म्हणून हंगामाच्या शेवटाला जाणार.

“गेली तर गेली शेवटाला,” मी डब्याचे स्क्रू काढता काढता म्हणालो. “ऊस काय पळून जातोय का?”

“ऊस न्हाय पळत, सायेब,” बाई म्हणाली. “वाट बंद होती. माझा तुकडा आत, आन् रस्त्याकडंला दिराचं रान. त्यांची नोंद झाली. दोगांची तोड एकदम आली, तर त्यांच्या मोकळ्या रानातनं माझी गाडी निघंल. माझी मागनं आली तर तवर त्यांचा खोडवा फुटल्याला आसंल, म्हंजी तोडल्या बुडख्यातनं नवा ऊस वर आल्याला. खोडव्यातनं गाडी कोण घालू दील? मी तरी दिली आसती का?”

हे तिनं तक्रार म्हणून सांगितलं नाही, समजावून सांगितलं, मला काही कळत नाही हे ओळखून. मला ते आवडलं नाही.

क्लार्क म्हणाली, “सर, काकूंना कागद घिऊन मोठ्या ऑफिसला धाडू का? तितं साहेब हायेत आज. हातानं नोंद घेत्यात. दोनच्या एसटीनं गेल्या तरी पाचच्या आत पोचतील.”

“काही गरज नाही,” मी म्हणालो. “अर्ध्या तासाचं काम आहे. उगीच बाईंना उन्हात पळवू नका.”

बाई उठायला लागली होती, ती परत बसली. माझ्यासारख्या माणसानं असं ठामपणे सांगितल्यावर कोण उठेल.

पंख्याखालच्या खुर्चीत एक तात्या बसले होते. त्यांचं ऑफिसात काही काम नव्हतं. ते रोज पेपर वाचायला यायचे आणि पेपर संपला की समोर जे चाललं असेल त्यावर बोलायचे. आज समोर मी होतो.

“सर, कार्बन आला आसंल,” ते म्हणाले. “आमच्या मोटारीच्या स्टार्टरला येतो तसा.”

“तात्या, ही पाण्याची मोटार नाही.”

“व्हय, ते खरं हाय. पर तार तर तारच की.”

मी डबा उघडला. आत हळद होती, अगदी चिमूटभर, पंख्याच्या पात्यावर. पण मला हवं होतं ते मिळालं. मी क्लार्कला बोलावून दाखवलं, टॉर्च मारून दाखवलं. म्हणालो, “ही बघा तुमची भक्ती. शिकली-सवरलेली माणसं तुम्ही, आणि विजेच्या वस्तूला हळदीनं माखता.” तिचा चेहरा उतरला. तात्यांनी पेपर वर केला. बाई फाइलकडं बघत राहिली.

मग मी कामाला लागलो. नेटवर्कचं कार्ड काढलं, त्याचे सोनेरी दात खोडरबरानं घासले, परत बसवलं. मशीन सुरू करायला पंधरा मिनिटं. खिडकी कोरी. वायर बदलली. भिंतीवरच्या नेटच्या छोट्या डब्याचे दिवे तपासले, ते नीट लुकलुकत होते. खिडकी कोरी. बरोबर आणलेलं दुसरं कार्ड घातलं, जुन्याचे ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारे प्रोग्राम, पुसून टाकले, नव्याचे घातले. पुन्हा पंधरा मिनिटं, पुन्हा कोरी. दोनची एसटी दाराशी हॉर्न वाजवून गेली तेव्हा क्लार्कनं माझ्याकडं पाहिलं. मी तिच्याकडं पाहिलं नाही.

एक जागा मी पाहिली नव्हती. जुन्या विंडोजमध्ये पडद्यामागं बरीच कामं आपली आपण चालू असतात. त्यांना सर्व्हिस म्हणतात. त्यातली बिनकामाची बंद केली की जुनं मशीन जरा हलकं होतं. ती यादी मी उघडली नाही, कारण ती मीच लावून गेलो होतो. गणपतीच्या सुमारास मशीन रेंगाळतंय म्हणून यांनी मला बोलावलं होतं, आणि मी दहा मिनिटांत नको त्या सर्व्हिस बंद ठेवायच्या खुणा करून गेलो होतो. माझं काम मी कशाला तपासू? तपासायची ती लोकांची कामं.

तीन वाजून गेले. क्लार्कनं चहा आणला. मी घेतला नाही. बाईनं घेतला, आणि कप विसळून जागेवर ठेवून आली.

“सर, एक इचारू का?” तात्या म्हणाले.

“विचारा.”

“सुट्टीच्या आदी ह्ये चालू हुतं. बंद करून परत चालू केलं तवा गेलं. आमच्याकडं मोटारीचं आसं झालं तर आमी म्हणतो, बंद पडायच्या आदीच कुणीतरी हात लावलाय. चालत्या मोटारीला कळत न्हाय. थांबून परत उठायला गेली की कळतं.”

“तात्या,” मी म्हणालो, “तुम्ही राशिभविष्य वाचा.”

तात्या हसले आणि पेपर उघडला. मी मात्र पुढचा स्क्रू हातात धरून थांबलो. खरं सांगतो, त्या क्षणी मला कळलं होतं. यादी उघडायच्या आधीच. तरीही मी आणखी अर्धा तास तिसरी वायर तपासण्यात घालवला, कारण ती यादी उघडायची माझी छाती होत नव्हती.

साडेचार झाल्यावर उघडली. इंग्रजी नावांची लांबलचक यादी, अक्षरांच्या क्रमानं. एका ओळीला नेटमीटिंग होतं, ते मी नेहमी बंद करतो. त्याच्याखाली एक ओळ सोडून नेटवर्क डीडीई होतं, तेही मी नेहमी बंद करतो. या दोघांच्या मधली ओळ होती नेटवर्क कनेक्शन्स. ती जिच्यामुळं खिडकीत चित्रं दिसतात. ती कुणी बंद करत नाही. करायची नसते. ती बंद होती. तिघींवर एका झपाट्यात, वरून खाली, माझ्याच हातानं, न बघता खूण झाली होती. बंद ठेवायची खूण केली तरी चालू असलेली सर्व्हिस लगेच थांबत नाही. पुढं मशीन बंद होऊन परत सुरू झालं की मग ती उठत नाही. गणपतीपासून हे मशीन बंदच झालं नव्हतं. खंडेनवमीला पहिल्यांदा झालं.

खूण काढायला दहा सेकंद लागली. पण चित्रं यायला जागेवर जुनं कार्ड हवं होतं, कारण माझं नवीन कार्ड त्या डब्याला मानवलं नव्हतं, आणि जुन्याचे ड्रायव्हर मीच पुसले होते. डबा परत बंद केला, जुनं कार्ड बसवलं, चालू केला, पुसलेले ड्रायव्हर परत घातले. त्यात पंधरा मिनिटांच्या वर गेली. पडद्यावर ती पट्टी सरकत होती. मी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाठ करून उभा राहिलो.

चित्रं आली. दोन्ही, शेजारी शेजारी. क्लार्कनं ‘आली!’ म्हणून टाळी वाजवली, नेट जोडलं, प्रोग्राम उघडला, बाईचं नाव, गट नंबर, लागणीची तारीख भराभरा घातली आणि बटण दाबलं. पाच वाजून आठ मिनिटं झाली होती. नोंद झाली. तिच्यापुढं प्रोग्रामनं ‘उशिरा’ लिहिलं.

क्लार्कनं मुख्य ऑफिसला फोन लावला. साहेब निघून गेले होते. ती फोन ठेवून बाईजवळ जाऊन बसली. “काकू,” ती म्हणाली, “माझ्या हातनं झालं ओ. मी हळद लावली नसती तर...” आणि तिला रडू आलं.

आता बोलायची वेळ माझी होती. चार शब्द पुरेसे होते. मी स्क्रू डबीत भरत होतो. स्क्रू सहा होते, ते मी एकेक करून भरले. मी आयुष्यभर ज्यांना हसलो, त्या ‘आपोआप झालं’ म्हणणाऱ्यांनी निदान तोंड तरी उघडलं होतं. मी तेवढंही केलं नाही.

“रडू नका ताई,” बाई म्हणाली. “तुमी काय मुद्दाम केलं का? सणाचं सगळीच करत्यात.” मग उठून माझ्याकडं वळली. “सायेब, तुमी सकाळधरनं राबला. चा बी घेतला न्हाय. लई उपकार झालं.”

मी मान हलवली. क्लार्ककडं बघून, जाता जाता, मी म्हणालो, “पुढच्या वर्षी पूजा लांबूनच करा.” हे वाक्य मी उच्चारलं. मला आठवतं. असा नीच माणूस माझ्या दुकानात आला असता तर मी त्याला पायरी चढू दिली नसती.

दीड वर्ष गेलं. मधल्या काळात त्या ऑफिसचे दोन-तीन फोन आले. मी कामाचं निमित्त सांगून दुसऱ्याचा नंबर दिला. मग होळी उलटून गेल्यावर निमगावकडं एका शाळेचं काम निघालं. परत येताना, अंथुर्णं मागं टाकल्यावर, रस्त्याकडेला उसाची गाडी उभी दिसली. निम्मी भरलेली. शेजारच्या रानात हिरवागार खोडवा गुडघाभर वाढलेला, आणि त्याच्या कडेनं, वीतभर रुंदीच्या बांधावरून, डोक्यावर उसाची मोळी घेऊन एक बाई येत होती. ती तीच होती हे मला लांबूनच कळलं. मी माझी दुचाकी पुढं काढू शकलो असतो. का थांबलो ते माहीत नाही. कदाचित ऊन फार होतं म्हणून असेल. तिला लागत असलेलं ऊन मला बघवलं नाही, असं म्हणायची माझी लायकी नाही.

तिनं मोळी गाडीवाल्याच्या पुढ्यात टाकली, पदरानं तोंड पुसलं आणि मला ओळखलं. “सायेब! कुठं हिकडं?”

“तोडणीची टोळी कुठंय?” मी विचारलं.

“तोडून दिला त्यांनी. पर हितवर न्यायला न्हाय म्हनली. बांध लांब हाय, त्यांचं बी खरं हाय. आज चौथा दिस.”

मग मी सांगितलं. उभ्या उभ्या, हेल्मेट हातात धरून, सगळं. गणपतीत मी काय केलं, ती ओळ कशी बंद झाली, दोनच्या एसटीला मी कसं जाऊ दिलं नाही, आणि चारच्या सुमारासच कळूनही कसा गप्प बसलो. हळदीचा काही संबंध नव्हता, हेही सांगितलं. ती ऐकत होती. मधे एकदा तिनं वाकून पायातला काटा काढला.

“बरं,” ती म्हणाली. “माझं जाऊ द्या. माझा ऊस आज निगतोय. ह्ये तिला सांगा.”

“कुणाला?”

तिनं बांधाकडं हात केला. तिथून दुसरी मोळी येत होती. मोळीखाली ऑफिसातली नीटनेटकी साडी होती, खोचलेली, आणि हातात बांगड्यांऐवजी चिंध्या गुंडाळलेल्या. “रजा टाकून आलीया चार दिस,” बाई म्हणाली. “नको नको म्हनलं तरी. माझ्यापायी झालं म्हनती.”

क्लार्कनं मोळी उतरवली. मला बघून ती दचकली, मग सवयीनं म्हणाली, “सर, मशीन चांगलं चाललंय. मी हात पण लावत न्हाय आता, नुसती नोंद करते.”

मी तिलाही सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं मला वाटलं होतं. गेलं नाही. मधेच मला परत पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

ऐकता ऐकता तिनं हातावरच्या चिंध्या सोडल्या. तळहात सोलले होते.

“दीड वर्स, सर,” ती म्हणाली. “काकू बाजारात दिसल्या की मी रस्ता बदलायची.”

मी हातातलं हेल्मेट फिरवत राहिलो. ती वाट बघत थांबली, मी काही बोलतो का ते बघत. मग तिनं चिंध्या परत गुंडाळल्या, काकूंना म्हणाली, “चला, अजून ईसेक मोळ्या हायेत,” आणि दोघी बांधानं आत गेल्या. मी हेल्मेट दुचाकीवर ठेवलं आणि त्यांच्या मागं निघालो. आतल्या तुकड्यात पोचल्यावर काकूंनी माझ्याकडं न बघता एक लहान मोळी बाजूला काढली. ती उचलायला गेलो, तर क्लार्क म्हणाली, “ऱ्हाऊ द्या सर. तुमाला न्हाय जमायचं ते.”